आप्पा नाकेदारांचा अडकित्ता

मी आजवर पुष्कळ रसिक पाहिले. गोष्ट ऐकताना रडणारे पाहिले, माना डोलावणारे पाहिले, आणि झोपणारे तर मास्तरकीच्या धंद्यामुळे रोजच पाहिले. पण गोष्ट संपल्यावर तिच्यातल्या दुष्ट माणसाला अडकित्त्यानं कातरून सगळ्यांना वाटून टाकणारा रसिक मी एकच पाहिला. तो म्हणजे बऱ्हाणपूरचे आप्पा नाकेदार.

यात तिखटमीठ काही लावलेलं नाही. त्यांच्या घरी बसून मी स्वतः दोन सासवा, एक सावकार आणि एक कपटी दिवाण खाल्लेला आहे. दिवाण बरा होता, सासवा मात्र तुरट लागल्या.

आप्पांचं खरं नाव त्र्यंबकराव चौधरी. पण जो माणूस उभी हयात वेशीवरच्या जकातनाक्यावर बसून येणारी-जाणारी प्रत्येक बैलगाडी अडवत आला, त्याचं खरं नाव कोण लक्षात ठेवणार? नोकरी संपली, नाका सुटला, पण अडवायची सवय सुटली नाही. गाड्या मिळेनात म्हणून ते गोष्टी अडवू लागले.

लालबागेत, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं घर होतं. दर शनिवारी दिवेलागणीला तिथं आमची वाचनाची बैठक भरायची. नवीनच स्वराज्य आलेलं होतं, मी वऱ्हाडातून बदलून इथल्या शाळेत आलो होतो, आणि परक्या गावात शनिवारची संध्याकाळ कशी काढावी या विवंचनेत असताना कोणीतरी मला आप्पांकडे नेऊन बसवलं. पहिल्याच दिवशी मी पाहिलं, की आप्पा पुस्तक उघडण्याआधी एक लाकडी पाट ओल्या फडक्यानं पुसतात, पितळी डबा उघडतात आणि त्यातून एकेक सुपारी काढून पाटावर मांडतात. मला वाटलं, सत्यनारायण वगैरे आहे. मी हात जोडून बसलो.

"हात सोडा मास्तर," आप्पा म्हणाले. "ही सासू आहे."

आपल्याकडे पूजेत सुपारी मांडून तिलाच गणपती म्हणतात, तिलाच नवग्रह म्हणतात. आप्पांचं म्हणणं असं, की सुपारीचा देव होतो तर सासू व्हायला काय हरकत आहे. गोष्टीत एखादं पात्र आलं, की डब्यातून एक सुपारी पाटावर यायची. ज्याची सत्ता चालते तो पाटाच्या वरच्या टोकाला, ज्याला ऐकून घ्यावं लागतं तो खाली. मग आप्पा वाचू लागायचे. वाचता वाचता मध्येच हात वर करून म्हणायचे, "गाडी थांबवा." गाडी हाकणारे तेच, थांबवणारेही तेच. चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहून विचारायचे, "इथं चालतं कोणाचं?"

हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी जगातल्या समस्त वाङ्मयाला विचारला. भाषा कशी आहे, वर्णन कसं आहे, लेखक कोण आहे, यातलं काही त्यांना नको असे. या पानावर हुकूम कोण सोडतो आणि तो कोण झेलतो, तेवढं सांगा.

एका कादंबरीत एक सरदार होता. त्याची सुपारी अर्थातच सगळ्यांत वर. पण थोड्याच पानांत त्याचा हत्ती बिथरला. सरदाराचं त्यानं ऐकलं नाही, माहुताचं ऐकलं. "गाडी थांबवा." माहूत सरदाराच्या वर गेला. पुढे असं निघालं, की हा माहूत घरी आपल्या मुलीपुढे चळाचळा कापतो. मुलगी माहुताच्या वर गेली. त्या मुलीचं मन एका शिपायावर बसलं, ती त्याच्या शब्दाबाहेर जाईना, म्हणून शिपाई मुलीच्या वर गेला. आणि तो शिपाई निघाला सरदाराच्याच पहाऱ्यावरचा, त्याच्या नुसत्या खाकरण्याला भिणारा. आप्पांनी चारही सुपाऱ्या ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या, "च्यायला, हा तर रिंगणाचा कारभार आहे," म्हणाले आणि त्या गोल मांडल्या. त्या संध्याकाळी कोणाला कातरायचं हे ठरेना, म्हणून आम्ही सुपारीवाचून घरी गेलो.

कातरण्याचा कायदा पक्का होता. गोष्ट संपली, की ज्यानं दुसऱ्यांवर सत्ता गाजवली आणि त्याची कधी लाज वाटून घेतली नाही, त्याला अडकित्ता. ज्यानं गाजवली, पण शेवटी आपणहून सोडली, त्याला माफी. त्याची सुपारी सबंध डब्यात परत.

मी कॉलेजात वाङ्मय शिकलो होतो, परीक्षेत त्याबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. पण कथा-कादंबऱ्यांतली माणसं एकमेकांना कशी मुठीत धरतात हे मला आप्पांच्या पाटावरच दिसलं. "तलवारवाल्याकडे काय बघता मास्तर," ते म्हणायचे, "आधी रडणाऱ्याकडे बघा." एका गोष्टीत एक आत्याबाई होत्या. अतिशय सोशिक, कोणाला उलटून बोलणार नाहीत, मनाविरुद्ध झालं की नुसत्या जेवायच्या थांबायच्या. मी त्यांची सुपारी खालच्या टोकाला गृहीत धरली होती. आप्पांनी ती उचलून थेट शेंड्यावर ठेवली आणि म्हणाले, "ही उपाशी राहते आणि अख्खं घर तिच्या ताटाभोवती फिरतं. मास्तर, यापेक्षा मोठं राज्य मी पाहिलं नाही." तेव्हापासून मला आमच्या घराण्यातल्या निदान दोन माणसांचा उलगडा झाला. हा माणूस मला मनापासून आवडला तो तिथं.

आता एवढं सगळं दुसऱ्यांच्या सत्तेबद्दल बोलणारा माणूस स्वतः कसा असावा? तर आप्पांच्या बैठकीत आप्पांशिवाय कोणाचंही काही चालत नसे.

पुस्तक तेच निवडणार. वाचणारही तेच, आणि तेही असे कडकडीत आवाजात, की हातभर अंतरावर बसलेल्या आमच्या कानांना दडे बसत. मधल्या दारात कोणी बसायचं नाही, वारा अडतो. स्टेशनातून गाडी जाऊ लागली, की वाचन बंद. ती दूर गेली, की मघाचं वाक्य पहिल्यापासून पुन्हा. चहा कधीही नाही, मिळाली तर सुपारी. आणि सगळ्यांत कहर म्हणजे बोलण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं. एकदा सांगून भागत नसे. एका संध्याकाळी दहादा तोंड उघडलं तर दहादा. नाक्यावर "गाडी कोणाची?" असं विचारल्याशिवाय ते कोणाला आत सोडत नसत, तीच खोड इथं आली आहे, असं आम्ही समजून चाललो होतो.

त्यामुळे आमची चर्चा कोर्टातल्या साक्षीसारखी चालायची. "मी सुकदेव पाटील, दापोरा," असं म्हणून सुकदेव पाटील सुरुवात करायचे. दापोऱ्यात त्यांची केळीची बाग. शनिवारी बाजाराला येत, काम आटपलं की आप्पांच्या दारात गाडी सोडत. गोष्ट कोणतीही असो, पाटील हुकूम देणाऱ्याच्या बाजूनं. "मी काय म्हनून राह्यलो आप्पा, कोनी तरी हुकूम देनारा पायजेच ना. मी नाही बोललो तर माझ्या बागेत पानी बी वळत नाही." दुसरे हरिभाऊ. त्यांचं कापडाचं दुकान. "मी हरिभाऊ. माझं एक नम्र निवेदन आहे," असं ते म्हणत आणि त्यानंतर जे बोलत त्यात नम्र काही नसे. आणखी चार-दोन मंडळी ऐकायला असत. आणि मी.

मी नेहमी एकच वाद घालायचो. मला वाटे, माणसं दुसऱ्याचं ऐकतात ती काही दर वेळी भीतीनं नव्हे. कधी मायेनंही ऐकतात. आप्पांना हे साफ नामंजूर होतं. "माया? मायेतही चालतं कोणाचं ते बघा," असं म्हणून ते मला गप्प करत. मी पुन्हा तोंड उघडलं तर "गाडी पुढं जाऊ द्या." नाक्यावर रिकाम्या गाडीला जसं हाकलत असतील तसं मला हाकलत. मी त्यांच्याशी एकही वाद जिंकलो नाही. कोणीच जिंकलं नव्हतं.

ते दिवस संस्थानं विलीन होण्याचे होते. आज या राजानं सही केली, उद्या त्या नवाबानं केली, अशा बातम्या रोज पेपरात असत. शनिवारी वाचन सुरू होण्याआधी आप्पा त्याही सुपाऱ्या मांडत. आठवडाभरात ज्यांनी मुकाट सही केली ते राजे सबंध डब्यात जात. ज्यांनी आढेवेढे घेतले त्यांच्यावर ते अडकित्ता उघडून धरत आणि म्हणत, "याला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत." देशाच्या एकीकरणाचं काम दिल्लीत चालू होतं तसं थोडंसं लालबागेतही चालू होतं.

आणि त्याच हवेनं आमच्या बैठकीचा घात केला.

तेव्हा आम्ही एक भली जाड कादंबरी ऐकत होतो. एका देशमुखीणबाईंची. बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्या जुडग्यावर सगळं घर आणि निम्मं गाव चाललेलं. धाकटी सून त्यांचं सगळं निमूट ऐकते. आप्पा म्हणायचे, भीतीनं ऐकते. मी म्हणायचो, तसं नव्हे, तिला सासूबद्दल माया आहे. शेवटी जुडगा कोणाच्या हाती जाणार यावर आमच्या पैजा लागायला आल्या होत्या. कादंबरी पाऊण संपली होती. नेमक्या अशा वेळी हरिभाऊ उभे राहिले.

"मी हरिभाऊ. माझं एक नम्र निवेदन आहे. देशातले राजे-महाराजे गाद्या सोडून मोकळे झाले. आपल्याकडे मात्र अजून एक संस्थान बाकी आहे."

सगळे हसले. आप्पाही हसले. हरिभाऊंनी मग मुद्दा मांडला. गावात चौकाजवळ एक मोठी खोली मिळत होती. विजेचा दिवा होता, बाकं होती. बैठक तिकडे न्यावी, पाळीपाळीनं प्रत्येकानं वाचावं, पुस्तक बहुमतानं ठरवावं. बोलताना नावं सांगण्याची सक्ती नको, आपण एकमेकांना ओळखतो. यातल्या एकाही गोष्टीत चूक काढता येण्यासारखी नव्हती.

आप्पांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, बैठक इथंच बरी आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, इथं वारा येतो. हरिभाऊ म्हणाले, तिकडेही खिडक्या आहेत. आप्पा म्हणाले, मी वाचीन, पुस्तक तुम्ही निवडा, पण जागा हीच. मग म्हणाले, वाचा तुम्हीच, पण इथं. हुकमाची भाषा बोलणारा माणूस घासाघीस करू लागला, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. आम्हांला वाटलं, गादी सुटत नाही.

आणि मग ज्यांच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती ते सुकदेव पाटील बोलले. "मी सुकदेव पाटील, दापोरा. आप्पा, बुरा नका मानू. आज आपल्याच बैठकीची मांडनी करा ना. बघू तर खरं, चालतं कोनाचं."

आप्पांनी पाटावरची देशमुखीण आणि तिचं घरदार बाजूला केलं आणि आमच्या नावाच्या सुपाऱ्या काढल्या. हा मी, हे हरिभाऊ, हे पाटील, ही बाकीची मंडळी. सगळे खालच्या टोकाला एका ओळीत. मग स्वतःची सुपारी काढली आणि वर ठेवली, इतकी वर, की ती पाटावरून पडते की काय असं वाटलं. लबाडी त्यांनी कधी नाक्यावर केली नव्हती, पाटावरही केली नाही. हे झाल्यावर त्यांनी अडकित्ता हरिभाऊंच्या पुढ्यात सरकवला.

हरिभाऊ रोज वारांनी कापड फाडणारे. पण अडकित्त्याला हात लावायचं काही त्यांना जमलं नाही. ते म्हणाले, असं कसं आप्पा, आपण हात वर करून ठरवू. हात वर झाले. मोजायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे माझा हात मोजण्यातच गुंतला. मोजायची खरं तर गरज नव्हती.

आप्पांनी आपली सुपारी उचलली आणि सबंधच डब्यात टाकली. "सोडली," ते म्हणाले. "खुशाल जा. मला यायला जमणार नाही. माझं घर सुटत नाही."

आम्ही बाहेर पडलो. वाटेत हरिभाऊ म्हणाले, मानी माणूस आहे, येईल चार दिवसांनी.

आप्पा आले नाहीत. नव्या खोलीत विजेचा दिवा खरोखरच चांगला होता. हरिभाऊंनी वाचलेली पहिली गोष्ट पंधरा मिनिटांत संपली, कारण ती कोणी थांबवलीच नाही. ती संपल्यावर सगळे एकमेकांकडे पाहत बसले. गोष्टीत एक जमीनदार होता, तो पुष्कळ छळ करून शेवटी गंगेला गेला. त्याचं पुढे काय करायचं हे कोणाला सुचेना. एकानं विचारलं, "मग आता निघायचं का?" तेव्हा आम्ही निघालो. पुढच्या शनिवारी मंडळी कमी झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी पाटील आले नाहीत.

ते मला बाजारात भेटले. गाडीजवळ उभे होते. बागेतली केळ्यांची एक मोठी फणी त्यांनी माझ्या हातात दिली. "मास्तर, एवढी आप्पाला देऊन या. मी मांडनी करा म्हटलं, तेव्हापासून मला त्यांच्यासमोर जायला तोंड नाही." मी म्हटलं, चला की बरोबर. ते नको म्हणाले आणि बैलांच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिले.

दिवेलागण झाली होती. फणी घेऊन मी लालबागेत पोचलो, आप्पांच्या ओट्यावर चढलो, आणि आतून आवाज ऐकू आला: "मी सुकदेव पाटील, दापोरा."

मी जागच्या जागी थांबलो. पाटलांना तर मी आत्ता बाजारात सोडून आलो होतो. आत पाटील म्हणत होते, "मी म्हनून राह्यलो, किल्ल्या म्हातारीजवळच पायजे. एका घरात दोन हुकूम झाले म्हंजे बैलानं कोनाचं ऐकावं?" त्यावर हरिभाऊंनी आपलं नम्र निवेदन केलं, की किल्ल्यांसाठी मतदान घ्यावं. मला वाटलं, ही सगळी मंडळी मला न सांगता परत आली की काय. मी ओट्यावर पाहिलं. तिथं आप्पांच्या एका जोड्याशिवाय दुसरी चप्पल नव्हती.

तेवढ्यात एक बारीक, किनरा, शाळामास्तरी आवाज म्हणाला, "मी मास्तर. तसं नव्हे, आप्पा."

माझा आवाज इतका बारीक आहे आणि प्रत्येक वाक्य मी 'तसं नव्हे'नं सुरू करतो, हे मला त्या दिवशी कळलं. दार लोटलेलं होतं. फटीतून बाहेरची खोली दिसत होती. तिच्यात कोणी नव्हतं. पण मधलं दार उघडं होतं, आणि दाराच्या पलीकडे खाटेवर एक कृश बाई उशांना टेकून बसलेली होती. पाट खाटेजवळ मांडलेला होता. पाटाभोवती, जशी बैठकीत असत तशीच, आमची बस्करं घातलेली होती. पाटलांचं डावीकडे, हरिभाऊंचं त्याशेजारी, माझं खिडकीपाशी. आप्पा पुस्तक हातात घेऊन मध्ये बसले होते. बाईंचे डोळे उघडे होते, पण ते कशावरच टेकत नव्हते.

आप्पांच्या घरातून आजारी असतात, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. त्यांना माई म्हणतात हेही माहीत होतं. पण दुसऱ्याच्या घरातल्या बाईमाणसाची जास्त चौकशी करण्याची तेव्हा रीत नव्हती आणि आप्पांनी स्वतःहून कधी एक शब्द काढला नव्हता. माईंना दिसत नाही आणि उठता येत नाही हे मला त्या फटीतून समजलं. कडकडीत आवाज कोणासाठी, दार मोकळं कोणासाठी, गाडी गेल्यावर वाक्य पुन्हा कोणासाठी, आणि दर वेळी नाव सांगायचं ते कोणासाठी, हे सगळं एकदम समजलं. हा माणूस आम्हांला बाराही महिने हुकूम करत आला होता. 'माझ्या बायकोला चार माणसांचा आवाज ऐकायला आवडतो, तेवढ्यासाठी या हो,' अशी विनंती मात्र त्याच्या तोंडून निघाली नाही. विनंती करायला त्यांना नाक्यावर कोणी शिकवलं नव्हतं.

आत माझं बोलणं चालूच होतं. मी म्हणत होतो, की धाकटी सून भिते म्हणून ऐकत नाही, ती सासूला एकटं पडू देत नाही. मी कधी इतकं नेटकं बोललो नव्हतो. माझं झाल्यावर आप्पांनी पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. देशमुखीणबाई जुडगा काढून सुनेला देतात, आणि सून तो घेते आणि सासूच्याच कमरेला पुन्हा बांधते.

आप्पांनी पुस्तक मिटलं. मग स्वतःच्या आवाजात, हळू म्हणाले, "मास्तर, हरलो. तुमचंच खरं. सगळंच काही हुकमानं चालत नाही."

"असं पूर्वी कधी म्हणाला नाहीत," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, त्यात हसू होतं. "मास्तर लाडावतील अशानं."

माझ्या हातातली फणी दाराला लागली. मी खाकरलो.

"अहो, पुरे आता," माई म्हणाल्या. "खरे मास्तर आले."

आप्पा उठून बाहेर आले. हातात अडकित्ता तसाच होता. माझ्याकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं. मग नाक्यावरचा आवाज परत आला. "दारात उभे राहू नका मास्तर. आत ऐकू जात नाही."

मी आत जाऊन खिडकीपाशी माझ्या जागी बसलो. माईंनी विचारलं, केळी कोणाच्या बागेतली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पाटलांना म्हणावं, त्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला नाही की शनिवार आहे असं वाटतच नाही. मग मी धीर करून म्हटलं, "मी मास्तर. आप्पा, मघाशी तुम्ही हरलात."

"तुमच्याशी नाही," आप्पा म्हणाले. "तो मास्तर वेगळा होता. तुमच्यापेक्षा शहाणा आहे तो."

मी पाटलांना काहीच समजावून सांगितलं नाही. माईंचा निरोप तेवढा दिला, आणि तो त्यांनी हरिभाऊंच्या कानावर घातला. पुढच्या शनिवारी दिवेलागणीआधीच आप्पांच्या दारात घुंगरं वाजली. पाटलांच्या मागोमाग हरिभाऊ आले, आणि मधल्या दाराकडे तोंड करून, कोणी न सांगता, मोठ्यानं म्हणाले, "मी हरिभाऊ." त्यानंतर ओट्यावर चपलांना जागा पुरेनाशी झाली. आप्पा पूर्वीसारखेच पुस्तक निवडू लागले, गाड्या थांबवू लागले, आम्हांला हाकलू लागले. चहा तेव्हाही मिळाला नाही.

आप्पा होते तोवर मी त्यांच्याशी एकही वाद जिंकलो नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एका शनिवारी, मी तिथं नसताना, मी जिंकलो होतो.